पेन ड्राइव्हवरचं ‘तयार’ विंडोज पुन्हा टाकलं; आता ॲक्टिव्हेशनही होईना आणि अपडेटही

अक्षरजुळणी_कराड

नमस्कार. मी कराडला घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, आणि वर्षातून एकदा एका दिवाळी अंकाची पानं लावायची. त्यामुळे हा लॅपटॉप म्हणजे माझं दुकानच आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे कुणाला परत विचारावं लागणार नाही.

लॅपटॉप २०२२ साली जुना घेतला. आय-फाइव्ह, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, शिवाय आत १ टीबीची हार्ड डिस्क. विकणाऱ्याने त्याच्याकडचं विंडोज १० प्रो टाकून दिलं होतं. त्याच्या भाषेत ‘तयार विंडोज’. त्यात मायक्रोसॉफ्टचं स्टोअर नव्हतं, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) नव्हता, पण शंभरेक मराठी फॉन्ट आधीच भरलेले होते आणि मशीन खरंच हलकं चालायचं. सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ असं स्पष्ट दिसायचं. त्यानेच एक पेन ड्राइव्हही दिला होता, पुढे कधी पुन्हा टाकायची वेळ आली तर असू द्या म्हणून.

तीन वर्षं काही अडलं नाही. या वर्षी पाडव्याच्या सुमारास विकत घेऊन एक अँटिव्हायरस टाकला. त्याने पहिल्याच तपासणीत दोन-तीन फाइली उचलून बाजूला ठेवल्या. मशीन नीट चालत होतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग नवरात्रात, दिवाळी अंकाची शेवटची पानं चालू असताना, कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं आली आणि हटेनात. अंक छापायला गेला, दिवाळी झाली, आणि गेल्या आठवड्यात त्याच पेन ड्राइव्हवरून सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकलं. पाठोपाठ अँटिव्हायरसही टाकला.

आता परिस्थिती अशी. ॲक्टिव्हेट करायला गेलं की ०एक्ससी००४एफ०७४ ही चूक येते. अपडेट तपासायला गेलं की ०एक्स८००७०४२२. अपडेटच्या पानावर वर लाल अक्षरांत लिहून येतं की काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत. माझी कुठली संस्था? घरात मी आणि सासूबाई.

तुळशीचं लग्न झालंय, पत्रिकांची कामं दारात आहेत. पुसायला आणि पुन्हा टाकायला माझी हरकत नाही, पण या वेळी एकदाच आणि नीट व्हायला हवं. नवं विंडोज विकत घ्यावं लागेल का? कुणी सांगाल?

रात्रपाळी_नाशिक

ताई, एवढी धावपळ कशाला? ॲक्टिव्हेट करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, एक ओळ चालवली की काम झालं. अँटिव्हायरस तेवढा दहा मिनिटं बंद ठेवा. माझ्या दोन्ही मशीनवर तसंच आहे, वर्षभर काही झालेलं नाही.

जुना_हार्डवेअरवाला

रात्रपाळी, मदत करायची म्हणूनच लिहिलंत हे कळतंय, पण ताईंना या वाटेने पाठवू नका. त्यांच्या मशीनवर आत्ता जे बिघडलंय ते याच वाटेने बिघडलंय. आणि ‘अँटिव्हायरस बंद ठेवा’ हा सल्ला धंद्याच्या मशीनला देऊ नये. डीटीपीवाल्याकडे लोक पॅन, आधार, सातबारा असं सगळं स्कॅन करायला आणतात. ते सगळं त्याच डिस्कवर पडलेलं असतं.

अक्षरजुळणीताई, मी पिंपरीत वीस वर्षं मशीन उघडतोय आणि असं ‘तयार’ विंडोज शेकड्यांनी पाहिलंय. विकत घेण्याचं नंतर बघू. माझा अंदाज आहे की तुम्हाला घ्यावं लागणारच नाही. आधी दोन गोष्टी पाहून इथे लिहा. कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायची.

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. तिथे एसएलएमजीआर, मग एक जागा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून डीएलव्ही. एक खिडकी उघडेल. त्यातली ‘डिस्क्रिप्शन’ची ओळ, ‘पार्शियल प्रॉडक्ट की’ची शेवटची पाच अक्षरं आणि ‘केएमएस मशीन नेम’ असं काही असेल तर तेही कळवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच काळ्या खिडकीत: डब्ल्यूएमआयसी पाथ सॉफ्टवेअरलायसेन्सिंगसर्व्हिस गेट ओएथ्रीएक्सओरिजिनलप्रॉडक्टकीडिस्क्रिप्शन. शेवटचा सगळा एकच शब्द आहे, मध्ये जागा नाही. याने फक्त वर्णन येतं. शेवटचा ‘डिस्क्रिप्शन’ काढला तर पूर्ण २५ अक्षरांची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, दिसते. ती पाहायची असेल तर पाहा, वहीत लिहून ठेवा, पण इथे चिकटवू नका.

अक्षरजुळणी_कराड

धन्यवाद दादा. केलं.

डिस्क्रिप्शनमध्ये ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट चॅनल’ आहे. शेवटची पाच अक्षरं टी८३जीएक्स. केएमएस मशीन नेमसमोर १२७.०.०.२ आणि पुढे १६८८. लायसन्स स्टेटस ‘नोटिफिकेशन’.

दुसऱ्या कमांडने एकच ओळ दिली: ‘कोअर सिंगल लँग्वेज ओईएम डीएम’. आधी ४.० असं कंसात आहे. यातून काय समजायचं?

जुना_हार्डवेअरवाला

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्या ओळीत आहे. तुमचा लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हाच त्याच्यासोबत अस्सल विंडोजचा परवाना आला होता आणि तो अजून तिथेच आहे, मदरबोर्डच्या चिपमध्ये. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, लॅपटॉपवाल्या कंपन्या की स्टिकरवर छापायच्या ऐवजी बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये लिहून ठेवतात. एसएसडी पुसा, बदला, त्याला धक्का लागत नाही. म्हणजे तीन वर्षं तुमचा हक्काचा परवाना खाली दबून होता आणि वर दुसऱ्याचंच विंडोज चालत होतं.

आता पहिल्या ओळीकडे या. केएमएस ही पद्धत मोठ्या कार्यालयांसाठी आहे. तिथे एक सर्व्हर असतो, १६८८ नंबरच्या पोर्टवर बसलेला, आणि निदान २५ मशीन त्याच्याकडे आल्याशिवाय तो विंडोज ॲक्टिव्हेट करत नाही. मिळालेलं ॲक्टिव्हेशनही कायमचं नसतं, १८० दिवसांचं असतं. मशीन दर ७ दिवसांनी सर्व्हरला गाठून ती मुदत पुन्हा १८० करून घेतं. टी८३जीएक्सने संपणारी की कुणाच्या मालकीची नाही. केएमएस असलेल्या कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टनेच ती आपल्या कागदपत्रांत जाहीर छापलेली आहे. नुसत्या त्या कीला काही अर्थ नाही, मागे सर्व्हर लागतो. तुमच्या मशीनवर तो कुठे होता? १२७ने सुरू होणारा पत्ता म्हणजे मशीन स्वतःच. विकणाऱ्याच्या त्या विंडोजमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लपवलेला होता, तो सर्व्हर असल्याचं भासवून दर आठवड्याला शिक्का मारत होता.

पाडव्याला तुमच्या अँटिव्हायरसने उचललेल्या फाइली म्हणजे तोच प्रोग्रॅम, असा माझा कयास आहे. दिवस मोजा. पाडवा ३० मार्चला होता. तिथून १८० दिवस म्हणजे २६ सप्टेंबर. घटस्थापना २२ला झाली होती. बरोबर नवरात्रातच तुमच्या कोपऱ्यात अक्षरं आली. आणि ०एक्ससी००४एफ०७४ या चुकीचा अर्थही तोच: केएमएस सर्व्हर सापडत नाही.

अपडेटचं दुखणं वेगळं आहे, पण घर तेच. ०एक्स८००७०४२२ म्हणजे अपडेटची सेवाच बंद करून ठेवली आहे. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ ऑटोमॅटिक केलंत तर ही चूक जाईल, पण तिथे थांबणार नाही. ‘तुमची संस्था’ हा मजकूर येतो तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, पॉलिसीज नावाच्या शाखेत कुणीतरी बंदी लिहून ठेवली म्हणून. तीही काढता येते. मग पुढची चूक येते, बहुतेक ०एक्स८००एफ०८१एफ किंवा ०एक्स८००७३७१२. कारण विंडोज हलकं करताना डिफेंडर, स्टोअर आणि त्यांच्यासोबत ‘विनएसएक्सएस’ या कोठारातले भागच कापून टाकलेले असतात. दर महिन्याचं अपडेट त्या भागांवर बसतं. जुना भागच नसेल तर नवा कशावर बसवणार? डीआयएसएमची रिस्टोअर-हेल्थ आणि एसएफसी स्कॅन-नाऊ या दोन कमांड लोक सुचवतील. अस्सल विंडोजमध्ये एखादी फाइल खराब झाली तर त्या फार कामाच्या आहेत, मी रोज वापरतो. कापलेल्या विंडोजवर त्यांच्यामागे दिवस घालवू नका. मी घालवलेत, म्हणून सांगतो.

शिवाय हे सगळं जमवून तुम्ही विंडोज १० वरच राहणार. त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ला चालतो, टीपीएम २.० (सुरक्षेसाठीचा भाग) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू आहे की नाही एवढं पाहून घ्या. चिपमधली की विंडोज ११लाही लागू पडते, अट एकच: आवृत्ती तीच हवी. ‘कोअर’ म्हणजेच होम, तेव्हा तुमची आवृत्ती ‘होम सिंगल लँग्वेज’ आहे, प्रो नव्हे. म्हणून आत्ताच्या प्रोमध्ये ती की टाइप करून काही होणार नाही. आणि प्रोवरून खाली होमवर उतरताना सगळं जागेवर ठेवायची सोय नाही, पुसूनच टाकावं लागेल.

काम असं करा. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११चं मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि निदान ८ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह त्याच्याकडून तयार करून घ्या. विकणाऱ्याचा पेन ड्राइव्ह यासाठीही वापरू नका. त्या आधी तुमच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर. आतली १ टीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, माणसं घाईत चुकीची डिस्क पुसतात. सेटअपमध्ये डिस्कना नावं नसतात, नुसतं डिस्क ० आणि डिस्क १ लिहिलेलं असतं, आकारावरून ओळखायची. २५६ची एसएसडी तिथे साधारण २३८ दिसते आणि १ टीबी ९३१. फक्त २३८वालीचे सगळे भाग डिलीट करायचे, म्हणजे ती पूर्ण ‘अनॲलोकेटेड’ दिसेल, आणि तीच निवडून पुढे जायचं. ९३१ला हात लावायचा नाही.

सेटअप तुम्हाला की विचारणार नाही, होम हवं का प्रो हेही विचारणार नाही. घाबरू नका, त्याने चिपमधून वाचलेलं असतं. वाय-फाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल.

डीटीपीवाल्यांचं खास एक. फॉन्ट आधी नोंदवून ठेवा. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून केलेले असतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चुरा दिसतो. फाइल खराब झाली असं वाटतं, पण ती झालेली नसते.

वाचनालय_चिपळूण

दादांचं उत्तर वाचून आमच्या वाचनालयाच्या लॅपटॉपवरही कमांड चालवली, तिथेही ‘कोअर सिंगल लँग्वेज’च आलं. पण आमचं मशीन अकराव्या पिढीचं आहे आणि अस्सल पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की सेटअपला डिस्कच दिसत नाही. यादी पूर्ण रिकामी. डिस्क गेली म्हणायची का? आणि सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टाइप होणार नाही का? आमच्या ग्रंथसूचीचं सगळं काम मराठीत आहे.

जुना_हार्डवेअरवाला

डिस्क गेलेली नाही. अकराव्या पिढीपासून बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि सेटअपपाशी त्याचा ड्रायव्हर नसतो. तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, त्यातल्या फाइली सुट्या करून त्याच पेन ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवा. सेटअपच्या डिस्कच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ आहे, तिथून तो फोल्डर दाखवा. डिस्क लगेच येईल.

मराठीची काळजी नको. सिंगल लँग्वेजमध्ये मेनू आणि खिडक्यांची भाषा एकच राहते, टाइप करायला कितीही कळफलक जोडता येतात. मराठी इनस्क्रिप्ट पहिल्यापासून आहे, आणि २०१९मध्ये आलेल्या विंडोज १०च्या ‘१९०३’ या आवृत्तीपासून मराठी फोनेटिकही आलंय.

रात्रपाळी_नाशिक

दादा, मी पण ती ओळ चालवून पाहिली. एका मशीनवर काहीच आलं नाही, ते सुटे भाग जोडून घेतलेलं आहे. लॅपटॉपवर मात्र ‘कोअर’ आलं. म्हणजे त्याचा परवाना होता आणि मी उगाच स्क्रिप्ट मारली होती. ताई, माझा वरचा सल्ला धरू नका.

अक्षरजुळणी_कराड

झालं! उशिरा लिहितेय, कारण मध्ये दोन पत्रिका द्यायच्या होत्या.

भावाच्या ऑफिसच्या मशीनवर पेन ड्राइव्ह तयार केला. बायोसमध्ये टीपीएम बंदच होतं, ते चालू केलं. डिस्कच्या पानावर मात्र हात थांबला. डिस्क ० म्हणजे ९३१ होती आणि १ म्हणजे २३८. मी मनात धरलं होतं की शून्य म्हणजे विंडोजचीच असणार. दादांनी आकार लिहिले नसते तर माझी सात वर्षांची कामं त्या संध्याकाळी पुसली असती. बाहेरच्या डिस्कवर प्रत होती, तरी पोटात गोळा आला.

होम की प्रो खरंच विचारलं नाही. वाय-फाय दिसलं नाही, फोन जोडला. डेस्कटॉप आल्यावर आधी ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं तर तिथे लिहिलेलं: विंडोज डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झालं आहे. मी काहीच टाइप केलं नव्हतं. सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांना त्यातलं काय कळलं माहीत नाही, पण माझ्या आवाजावरून त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

अपडेट दोन फेऱ्यांत आले, मध्ये तीनदा मशीन बंद-चालू झालं. वाय-फायचा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्यातच आला. ‘तुमची संस्था’ची ओळ नाही.

फॉन्टचं सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखं काम करणाऱ्यांना इथे अडेल. श्रीलिपी हे मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर मी स्वतः घेतलेलं आहे, डोंगलसकट (परवान्यासाठी यूएसबीत खोचायचा तुकडा). ते नव्याने टाकलं. डोंगलचा दिवा लागेना, तेव्हा त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर वेगळा टाकला आणि मग चाललं. माझ्या जुन्या फाइली जशाच्या तशा उघडल्या, एक जोडाक्षरही हललं नाही. पण विकणाऱ्याने भरलेल्या शंभर फॉन्टमधले बरेचसे माझे नव्हतेच, हे यादी करताना पहिल्यांदा समजलं. ते परत आणले नाहीत. त्यातले तीन मी पत्रिकांना सर्रास वापरायचे. त्यांच्या जागी आता ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू घेतलेत. दोन्ही युनिकोड, खुल्या परवान्याचे, आणि बालूचं जाड वळण मुंजीच्या पत्रिकेला छान बसतं. त्या तीन फॉन्टमधला जुना मजकूर रूपांतर करून घ्यावा लागतोय, आणि रफार तपासत बसावं लागतंय. हे काम महिनाभर तरी चालेल.

बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. तीन वर्षं त्या विंडोजमध्ये आणखी काय काय होतं कुणास ठाऊक.

एकच शंका. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवायची सोय) आपोआप चालू दिसतंय. मी केलेलं नाही. बंद करू का?

जुना_हार्डवेअरवाला

ताई, फार छान वाटलं वाचून. बंद करू नका. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की ते बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर लोकांची कागदपत्रं वाचता येणार नाहीत, तुमच्या कामाला ते हवंच. पण त्याची ४८ आकडी रिकव्हरी की असते. कधी बायोस अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला तर सुरू होताना मशीन ती मागतं आणि तेव्हा दुसरा इलाज नसतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा झालेली असेल. आजच उघडून कागदावर उतरवा. लॅपटॉपमध्येच साठवून ठेवू नका.

अक्षरजुळणी_कराड

खात्यात सापडली. ४८ आकडे वहीत उतरवले. सासूबाईंनी मोठ्याने वाचले, मी बोट ठेवून ताडून पाहिले, दोनदा. वही पत्रिकांच्या नमुन्यांच्या कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. विकणाऱ्याचा पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला.